शुल्काची बातमी आली की आधी काय पाहावं?

7 एप्रिल 2025, सोमवार. मुंबईचा शेअर बाजार उघडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तोवर मला तीन फोन येऊन गेले. पुण्याचा भाचा विचारत होता, "मामा, एसआयपी थांबवू का?" शेजारच्या निवृत्त मास्तरांना निवृत्तीच्या वेळी गुंतवलेल्या फंडाची काळजी लागली होती. तिसरा फोन एका मित्राचा; त्याला सोनं घ्यावं की घरातलं विकावं हे ठरवून हवं होतं, तेही दुपारच्या आत. त्या दिवशी सेन्सेक्स 2,226 अंक गमावून बंद झाला. हाँगकाँगचा निर्देशांक तर एकाच दिवसात 13 टक्क्यांहून जास्त पडला.

तिघांनीही काय करायचं ते विचारलं. नेमकं काय झालंय, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा.

झालं होतं ते असं. 2 एप्रिलला डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या बागेत उभं राहून एक तक्ता दाखवला. जवळपास प्रत्येक देशाच्या मालावर किमान 10 टक्के आयात शुल्क आणि अनेकांवर त्याहून पुष्कळ जास्त. भारताच्या नावापुढे 26 टक्के. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेचा एसअँडपी 500 हा निर्देशांक साडेदहा टक्के घसरला. 4 तारखेला चीनने अमेरिकी मालावर 34 टक्के लावून परतफेड केली. मध्ये शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी आशियाचे बाजार कोसळले. मग 9 एप्रिलला ट्रम्प यांनी चीन वगळता बाकीच्यांवरचं वाढीव शुल्क 90 दिवस थांबवलं आणि तोच निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. जूनच्या अखेरीला तो नव्या उच्चांकावर होता.

शुल्क वाढणार हे बाजाराला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. ट्रम्प निवडणुकीच्या प्रचारात तेच सांगत होते. पण इतकं, इतक्या देशांवर आणि अशा हिशेबाने येईल, हे कुणी धरलं नव्हतं. जेवढं धरून चाललो होतो आणि जेवढं पदरात पडलं, त्यातल्या फरकाने भाव हलतात. अपेक्षित वाईट बातमीने बाजार ढिम्म राहतो आणि अनपेक्षित बरी बातमी त्याला उड्या मारायला लावते, ती याचमुळे.

नाशिककडच्या वाचकाला हे शिकवायची गरज नाही. 8 डिसेंबर 2023 पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लावून झालंच होतं. बंदीच्या आदल्या रात्री काही कांद्याचं पीक वाढलं नव्हतं की खाणारी तोंडं कमी झाली नव्हती. तरी सकाळी लिलावात भाव कोसळले, शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी लिलाव बंद पाडले आणि रस्ता अडवला. ट्रॉलीसमोर उभा असलेला व्यापारी आजच्या कांद्याची बोली लावत नसतो. हा माल पुढे ढाक्याला, कोलंबोला किंवा दुबईला कितीला जाईल, त्यावरून तो आकडा पुकारतो. पुढचा रस्ताच बंद झाला, तर तो हात आखडता घेणारच. न्यूयॉर्कचा शेअर दलाल यापेक्षा वेगळं काही करत नाही. त्याच्या ट्रॉलीत कंपनीचा पुढच्या दहा वर्षांचा नफा असतो, एवढाच फरक.

म्हणून धोरणाची बातमी आली की पहिलं काम ती पूर्ण वाचण्याचं. वाहिनीवरची लाल पट्टी बातमीचा मथळा असते, मजकूर नव्हे. मी स्वतः चार गोष्टी शोधतो: ही नुसती घोषणा आहे की आदेश निघाला आहे, तो कुठल्या तारखेपासून लागू होणार, कुठल्या मालाला सूट आहे, आणि आदेश निघण्याआधीच वाटेत असलेल्या मालाचं काय. आपल्याकडे सीमाशुल्काची अधिसूचना राजपत्रात येते आणि ती कुणालाही वाचता येते. भाषा रुक्ष असते, पण तारखा आणि टक्के स्पष्ट लिहिलेले असतात.

ही सवय किती उपयोगी आहे ते सप्टेंबर 2025 मध्ये दिसलं. 19 तारखेला ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. भारतात सुट्टीवर आलेल्या कित्येक मुलांनी त्या रात्री मिळेल त्या भावाने परतीची तिकिटं काढली, काही जण तर विमानतळावरूनच माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारने खुलासा केला की हे शुल्क फक्त नव्या अर्जांना, तेही एकदाच. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना ते लागू नाही. चूक त्या मुलांची म्हणवत नाही. आदेशच घाईत काढलेला आणि संदिग्ध होता. पण एक दिवस थांबलेल्यांचे तिकिटाचे पैसे वाचले, हेही खरं. सोमवारी आयटी कंपन्यांचे शेअर तरीही पडलेच, कारण नव्या माणसांना अमेरिकेत पाठवणं महाग होणार हे खुलाशानंतरही कायम होतं.

आदेश वाचताना आकडा कुठून आला हेही बघावं. 2 एप्रिलच्या तक्त्यात भारत अमेरिकेवर 52 टक्के शुल्क लावतो असं लिहिलं होतं. भारताचं शुल्क तेवढं नव्हतंच. अमेरिकेच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये तिने भारताकडून सुमारे 87.4 अब्ज डॉलरचा माल घेतला आणि या व्यापारात तिची तूट होती सुमारे 45.7 अब्ज डॉलरची. तुटीला आयातीने भागा, 52 टक्के येतात. त्याचं निम्मं 26. सगळ्या तक्त्याची तीच रीत होती. हर्ड आणि मॅक्डोनाल्ड या बेटांवर माणसं राहत नाहीत, पेंग्विन राहतात; त्यांच्याही नावापुढे 10 टक्के होते! हसू येतं, पण यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. असा आकडा तत्त्वातून आलेला नसतो, वाटाघाटीसाठी टेबलावर ठेवलेला असतो. तो बदलणार, हे गृहीत धरूनच आपले बेत करावेत.

दुसरं काम, शुल्क भरतो कोण ते नीट समजून घेणं. 'भारतावर 50 टक्के शुल्क' असं वाचल्यावर भारत सरकार किंवा भारतीय कारखानदार अमेरिकेला पैसे भरतो अशी समजूत होते. पैसे भरतो तो अमेरिकेतला आयातदार, त्यांच्या बंदरावर. मग तो तिन्ही बाजूंना हात पसरतो. इथल्या निर्यातदाराला म्हणतो भाव उतरव, तिथल्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकतो आणि उरलेलं स्वतःच्या नफ्यातून सोसतो. कुणाच्या वाट्याला किती येईल हे मालावर ठरतं. जो माल दुसरीकडून सहज मिळतो, त्याच्या निर्यातदाराचा हात पिळला जातो. ज्याला पर्याय नाही, त्याचा बोजा गिऱ्हाइकावर.

7 ऑगस्ट 2025 ला भारतीय मालावर 25 टक्के लागू झाले आणि रशियाकडून तेल घेतल्याबद्दल आणखी 25 टक्के, 27 ऑगस्टपासून. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मुंबईचा बाजार बंद, घराघरांत आरत्या चाललेल्या, आणि तिकडे अमेरिकेच्या बंदरांवर आपल्या कोळंबीला, कपड्यांना आणि दागिन्यांना 50 टक्के लागायला सुरुवात झाली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सेन्सेक्स 849 अंक उतरला होता, नंतरच्या दिवशी आणखी 706. म्हणजे दोन दिवस मिळून दोन टक्केही नाहीत. एवढ्या मोठ्या आघाताला एवढीच प्रतिक्रिया का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं.

कारण साधं आहे. सेन्सेक्समधल्या 30 कंपन्यांत बँका आहेत, तेल आहे, दूरसंचार आहे, आयटी आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणारे कारागीर, तिरुप्पूरचे शिलाई कामगार, आंध्रातले कोळंबी उत्पादक या निर्देशांकात कुठे आहेत? औषधं आणि स्मार्टफोन यांना त्या शुल्कातून सूट होती, तीही बाजाराने हिशेबात धरली होती. त्यामुळे 'बाजार सावरला' आणि 'सगळं सावरलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुमची मिळकत अमेरिकेला जाणाऱ्या मालावर अवलंबून असेल, तर सेन्सेक्स बघून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूही नका. तुमचा निर्देशांक म्हणजे तुमच्या मालकाचं ऑर्डरबुक.

कापूसवाल्यांना याचा वेगळाच फटका बसला, आणि मला तो सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. अमेरिकी शुल्काने कापड उद्योग अडचणीत येणार म्हणून केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना दिलासा मिळाला. पण यवतमाळ-अकोल्याकडे वेचणी सुरू होते ती नेमकी याच काळात, आणि बाहेरच्या स्वस्त गाठींशी इथल्या कापसाची गाठ पडली. आदेश वॉशिंग्टनचा, अधिसूचना दिल्लीची आणि भाव पडला तो जिनिंगच्या दारात. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये क्विंटल होता. कापूस महामंडळाला विकायचं तर ॲपवर आधी नोंदणी करावी लागत होती. ज्यांनी ती अधिसूचना मनावर घेऊन वेळेत नोंदणी उरकली, त्यांच्यापुढे निदान एक दार उघडं होतं. शेतकरी वाचकांनी व्यापार धोरणाच्या बातम्या शेअर बाजाराच्या पानावरच्या म्हणून ओलांडू नयेत, असं मी म्हणतो ते या अनुभवावरून.

आता जागतिक बाजाराकडे बघायचं कसं? बहुतेक जण शेअरचा निर्देशांक बघतात, कारण टीव्हीवर तोच मोठ्या अक्षरात असतो. मी आधी सरकारी रोख्यांकडे बघतो, मग चलनाकडे, आणि शेवटी शेअरकडे. रोख्यांचं गणित अवघड नाही. 100 रुपयांचा रोखा वर्षाला 7 रुपये देतो. उद्या नवे रोखे 8 रुपये देऊ लागले, तर तुमचा जुना कुणी 100 ला घेणार नाही, कमीच देईल. म्हणजे रोख्याची किंमत उतरली की त्याचा परतावा दर चढतो, आणि दर चढणं म्हणजे त्या सरकारला कर्ज महाग पडणं.

संकटात लोक शेअर विकून अमेरिकेचे रोखे घेतात, ही जुनी वहिवाट. 2025 च्या एप्रिलमध्ये सुरुवातीला तसंच झालं; दहा वर्षांच्या रोख्याचा दर 4 टक्क्यांच्या खाली गेला. मग आठवडाभरात तो साडेचारच्या आसपास चढला आणि त्याच वेळी डॉलरही घसरला. शेअर, रोखे आणि डॉलर, तिन्ही एकदम विकले जात होते. असं चित्र उदयोन्मुख देशांत दिसतं, अमेरिकेत नाही. 90 दिवसांची स्थगिती आली ती याच गदारोळात, आणि आपण रोखे बाजाराकडे लक्ष ठेवून होतो हे खुद्द ट्रम्प यांनी त्या दिवशी पत्रकारांना सांगितलं.

ब्रिटनला हा धडा अधिक कडू मिळाला. 23 सप्टेंबर 2022 ला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी पैसा कुठून येणार हे न सांगता सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पौंड डॉलरच्या तुलनेत तोवरच्या नीचांकाला गेला, सरकारी रोखे इतके पडले की पेन्शन फंड धोक्यात आले, आणि 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला 65 अब्ज पौंडांपर्यंत रोखे खरेदीची तयारी जाहीर करावी लागली. ऑक्टोबरमध्ये आधी अर्थमंत्री गेले आणि मग पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा दिला. विरोधी पक्षाला जे जमलं नसतं, ते रोखे बाजाराने महिन्याभरात केलं.

आपल्याला झळ बसते ती बहुधा रुपयातून. 22 मे 2013 ला अमेरिकी फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखे खरेदी पुढे कमी करता येईल एवढंच सूचित केलं. केलं काहीच नव्हतं. पण स्वस्त डॉलर आटणार या धास्तीने पैसा भारत, इंडोनेशिया, ब्राझीलमधून निघाला, आणि 55-56 वर असलेला डॉलर 28 ऑगस्टपर्यंत 68 रुपयांच्या पुढे गेला. ज्यांच्या मुलांची सप्टेंबरची फी भरायची होती, त्यांना तो उन्हाळा आठवत असेल.

या सगळ्यावरून आपल्या घरचे निर्णय कसे घ्यायचे? माझी पद्धत सांगतो. बातमी कुठलीही असो, मी आधी विचारतो की हा पैसा कधी लागणार आहे.

परदेशी फी हे सगळ्यांत उघड उदाहरण. वर्षाला 40,000 डॉलर फी असेल, तर 85 रुपयांच्या भावाने 34 लाख होतात आणि 90 च्या भावाने 36 लाख. डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, तेव्हा हा दोन लाखांचा फरक कित्येक पुणेकर आणि ठाणेकर आईबापांनी रोखीने अनुभवला. रुपया परत वर येईल म्हणून वाट बघत बसणं हा सट्टा आहे, बचत नव्हे. फी ठरल्या तारखेला लागणारच आहे, तर पैसे टप्प्याटप्प्याने पाठवा. दर काही महिन्यांनी थोडे. भाव सरासरीचा पडतो आणि एका वाईट आठवड्यावर सगळं अवलंबून राहत नाही. आर्थिक वर्षात एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे नियमाची अडचण सहसा येत नाही. टीसीएसचे, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या कराचे, नियम मात्र बँकेत विचारून घ्या.

शेअर आणि इक्विटी फंडातला पैसा पुढच्या तीन वर्षांत लागणार असेल, तर तो तिथे असूच नये. शुल्काची बातमी येवो वा न येवो. मास्तरांचा प्रश्न खरं तर हाच होता. महिन्याच्या खर्चाची रक्कम त्यांनी शेअरशी बांधली होती, त्यात ट्रम्प यांचा दोष काय? बाजार सावरल्यावर, जुलैत, आम्ही ती सोडवली. भाच्याला मी एसआयपी चालू ठेवायला सांगितलं, कारण त्याचे पैसे वीस वर्षं लागणार नव्हते. 7 एप्रिलला निफ्टी 22,161 वर बंद झाला होता, 30 जूनला 25,517 वर. त्या सकाळी विकून मोकळा झालेला माणूस या पंधरा टक्क्यांना मुकला.

पण यावरून 'बाजार नेहमीच वर येतो' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. जपानचा निक्केई 1989 च्या अखेरीला 38,915 वर होता. तो आकडा पुन्हा ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं! आणि त्याच निक्केईने 5 ऑगस्ट 2024 ला, जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवल्याच्या काही दिवसांनी, 12 टक्के गटांगळी खाल्ली आणि दुसऱ्याच दिवशी 10 टक्के झेप घेतली. पहिल्या दिवसाची हालचाल फारसं काही सांगत नाही, आणि एकाच देशाच्या, एकाच क्षेत्राच्या शेअरमध्ये सगळं ठेवणं धोक्याचं, एवढं मात्र यातून नक्की निघतं. आयटीत नोकरी, बोनसमध्ये त्याच कंपनीचे शेअर आणि वर आयटीचा फंड, अशी पुण्यातली कितीतरी घरं मला माहीत आहेत. तिथे अमेरिकेची एक बातमी पगार आणि बचत दोन्हींवर एकदम येते. अशा घराने सहा महिने नोकरीविना चालेल एवढी रक्कम साध्या मुदत ठेवीत ठेवावी.

सोन्याबद्दल थोडक्यात. 2025 मध्ये ते जगात 4,000 डॉलर औंसापलीकडे गेलं. धोरणाबद्दलची अनिश्चितता आणि मध्यवर्ती बँकांची खरेदी ही दोन मोठी कारणं होती. पण इथला भाव फक्त लंडन-न्यूयॉर्कवर ठरत नाही. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि जळगावपासून झवेरी बाजारापर्यंत भाव तोळ्यामागे हजारोंनी खाली आले. आदल्या आठवड्यात खरेदी केलेल्यांना तो दिवाळखोरीचा नसला तरी हळहळीचा दिवस होता. लग्नाचं सोनं टप्प्याटप्प्याने घ्या आणि 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाआधी घाईने सगळं उरकू नका.

आणि धोरण मागे घेतलं की भाव आपोआप जुन्या जागी येतो, असंही समजू नये. कांद्याची निर्यातबंदी उठल्यावरही उरलेलं 20 टक्के निर्यात शुल्क 1 एप्रिल 2025 ला, ट्रम्प यांच्या तक्त्याच्या बरोबर एक दिवस आधी, हटलं. दरवाजा उघडला, पण दरम्यान गिऱ्हाइकांनी दुसरी दुकानं शोधली होती, आणि त्या उन्हाळ्यात नाशिकच्या शेतकऱ्याला भाव फारसा मिळाला नाही.

भाच्याने नंतर एक चांगली गोष्ट केली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याने रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या आणि फेडच्या बैठकांच्या तारखा लाल पेनाने लिहिल्या आहेत, शेजारी फीच्या आणि विम्याच्या हप्त्याच्या तारखा निळ्याने. तुम्हीही हे करून बघा. आणि सुरुवात निळ्या तारखांपासून करा.